दोन ताटल्या
(चुंबक आणि बियाणे)

मृग जवळ आला की आर्णीच्या बाजारात दुसरा विषय नसतो. कोणी म्हणतो, बियाण्याची बॅग घेतली. कोणी म्हणतो, घरचेच सोयाबीन ठेवले आहे. पराटीचे काय, तुरीचे काय, पाऊस कधी येणार, हेच बोलणे. पेरलेले बी उगवले नाही तर काय होते, हे आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. बियाण्याचा पैसा जातो. मजुरी जाते. वावरातली ओल जाते. मग दुबार पेरणीसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते.

असेच मे महिन्याचे दिवस होते. आमच्या ओसरीवर संध्याकाळचा वर्ग बसला होता. आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तेव्हापासून हा वर्ग चालवतो. बाया असतात, बाप्ये असतात. त्या दिवशी एक भाऊ बाजारातून एक छापील कागद घेऊन आले. हिवाळ्यात ते अक्षरे जुळवू लागले होते. तो कागद त्यांनी उभे राहून सर्वांना स्वतः वाचून दाखवला. कागदावर लिहिले होते :

चुंबकाने भारलेले बियाणे. उगवण जास्त. वाढ जोमाची. उत्पन्न दीडपट.

खाली एका यंत्राचे चित्र होते. यंत्र म्हणजे लोखंडी नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुंबक. नळीतून बी सोडायचे की ते भारले जाते, असे कागदाचे म्हणणे होते. किंमतही होती. ती एका लहान शेतकऱ्याच्या बियाण्याच्या खर्चाएवढी होती.

त्या भाऊंनी विचारले, "गुरुजी, हे खरं होय काय? घेऊ काय मी?"

आम्हाला ताबडतोब हो म्हणता आले नाही, नाहीही म्हणता आले नाही. चुंबकाचा रोपांवर परिणाम होतो, असे आम्ही पूर्वी वाचले होते. पण वाचले होते किती आणि समजले होते किती? म्हणून आम्ही म्हणालो, "चार दिवस थांबा. आपण सगळे मिळून पाहू." त्यातून जे शिकलो, तेच या धड्यात सांगत आहोत.

पृथ्वी हाही एक चुंबक आहे

चुंबक आपल्या ओळखीचा आहे. टाचणी, खिळा, लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. लाकूड, कागद, पितळ चिकटत नाही. जुन्या रेडिओच्या कर्ण्यामागे काळी जड कडी असते. ती चुंबकाचीच.

चुंबकाची सुई मोकळी टांगली तर ती फिरून फिरून उत्तर-दक्षिण थांबते. असे का? याचे उत्तर इंग्लंडातल्या विल्यम गिल्बर्ट नावाच्या वैद्याने १६०० साली एका ग्रंथात दिले. त्याने सांगितले की ही सारी पृथ्वीच एक मोठा चुंबक आहे. पृथ्वीच्या पोटात फार खोल वितळलेले लोखंड आहे. ते सारखे हलत असते. त्यामुळे हे चुंबकपण टिकून राहते, हे पुढे कळले.

चुंबकाचा जोर त्याच्या अंगापुरताच नसतो. तो आजूबाजूलाही पसरलेला असतो. त्या पसरलेल्या जागेला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. शेकोटीची ऊब जशी शेकोटीपासून थोडी दूरपर्यंत लागते आणि पुढे कमी कमी होत जाते, तसेच हे.

धान्य मोजायला किलो, कापड मोजायला मीटर. चुंबकाचा जोर मोजायला गॉस नावाचे माप आहे. आपल्या विदर्भात पृथ्वीच्या चुंबकाचा जोर अर्ध्या गॉसपेक्षाही थोडा कमी भरतो. इतका थोडा की आपल्याला तो मुळीच जाणवत नाही. तो मोजायला फार नाजूक यंत्रे लागतात.

अशी यंत्रे आपल्या महाराष्ट्रात आहेत. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकाची नोंद ठेवू लागले. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम गाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने वेधशाळेच्या सुया हलल्या असत्या आणि नोंदी बिघडल्या असत्या. त्या वेळी नानाभाई मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या काळात हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेले. १९०४ साली तिथे नवी वेधशाळा उभी राहिली. इमारतीसाठी पोरबंदरचा पारखून घेतलेला दगड वापरला. मोजणीच्या खोल्यांत लोखंडाचा खिळासुद्धा येऊ दिला नाही.

आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा एक आजोबा हसले. म्हणाले, "आपली एवढी मोठी आर्णी, एक खिळा नसलेलं घर सापडाचं नाही!"

खरे आहे. पण मंडळी, यातली गोष्ट ध्यानात ठेवा. जे मोजायचे आहे, त्यात दुसऱ्या कशाची ढवळाढवळ होऊ नये, म्हणून त्या लोकांनी गाव बदलले. पुढे आपल्याला याच गोष्टीची गरज पडणार आहे.

बी उगवते तेव्हा आत काय घडते

बी म्हणजे झोपलेले बाळ आणि त्याची शिदोरी. बाळ म्हणजे आतला अंकुर. शिदोरी म्हणजे पीठ, तेल आणि इतर अन्न. बियाला पाणी मिळाले की ते फुगते आणि जागे होते. आत काही रस तयार होतात. त्यांना विकर म्हणतात. हे विकर शिदोरीतले पीठ फोडून त्याची साखर करतात. ती साखर खाऊन अंकुर वाढतो. आधी मूळ बाहेर येते आणि खाली जाते. मग कोंब वर येतो.

बी उलटे पडले तरी मूळ खालीच जाते. त्याला खाली कोणते हे कसे कळते? मुळाच्या टोकाशी फार बारीक कप्पे असतात. त्यांत पिठाचे जड कण असतात. धोंडा जसा विहिरीच्या तळाशी जातो, तसे हे कण कप्प्याच्या तळाशी बसतात. ते जिथे बसले ती खालची बाजू, हे मुळाला त्यावरून कळते.

आता चुंबकाची गंमत पाहा. चुंबक लोखंडाला ओढतो हे आपण जाणतो. पण तो पिठाला किंचित दूर लोटतो, हे आपल्याला माहीत नसते. हा रेटा इतका थोडा असतो की साध्या चुंबकाने तो दिसत नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जवसाच्या कोवळ्या मुळाशेजारी फार तीव्र चुंबकीय क्षेत्र ठेवले. मुळाच्या टोकातले पिठाचे कण बाजूला सरकले. कण सरकले तसे मुळाला वाटले, खालची बाजू बदलली. आणि मूळ वाकडे वाढू लागले.

आपण पिढ्यान्‌पिढ्या जवस पेरतो. त्याच्या मुळाच्या आत एवढी नाजूक व्यवस्था आहे.

प्रयोगशाळेत काय दिसले

तर चुंबकाचा कोवळ्या रोपावर परिणाम होऊ शकतो. ही बुवाबाजी नाही. शास्त्रज्ञ या गोष्टीचा शोध १९३० च्या सुमारापासून घेत आहेत.

आपल्या देशातही हे काम झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभऱ्याचे कोरडे बी चुंबकाच्या दोन पाटांमध्ये ठेवले. जोर ५०० गॉसपासून २५०० गॉसपर्यंत. वेळ एक तासापासून चार तासांपर्यंत. मग ते बी उगवायला घातले. शेजारी तसलेच, पण चुंबकात न ठेवलेले बी घातले. चुंबकातले बी लवकर उगवले. रोपांची मुळे जास्त लांब झाली. हे निष्कर्ष २००८ साली छापून आले. सूर्यफुलाच्या बियातही तसेच दिसले. त्या बियात पीठ फोडणारे विकर जास्त जोमाने काम करताना आढळले.

इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी सोयाबीन घेतले. १५०० आणि २००० गॉसच्या चुंबकात एक तास ठेवलेल्या बियांची उगवण आणि रोपांची वाढ चांगली दिसली. हे काम २०११ साली प्रसिद्ध झाले.

ऐकून आमच्या वर्गाला आनंद झाला. कागद आणणारे भाऊ म्हणाले, "म्हंजे खरंच होय तं!"

पण जरा थांबा. तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट. ५०० गॉस म्हणजे आपल्या पृथ्वीच्या चुंबकाच्या हजारपटीहून जास्त जोर. तो जोर मापून दिलेला होता. वेळही मोजलेली होती. हरभऱ्याला ५०० गॉस दोन तास, १००० गॉस एक तास आणि १५०० गॉस दोन तास ठेवलेले सर्वांत चांगले ठरले. म्हणजे जितका जोर जास्त तितका फायदा जास्त, असे नाही. नळीतून बी भर्रकन सोडणे आणि तासभर मापून ठेवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरी गोष्ट. जगात निरनिराळ्या ठिकाणी असे पुष्कळ प्रयोग झाले. कुठे वाढ जास्त दिसली. कुठे काहीच फरक दिसला नाही. कुठे वाढ खुंटलेलीही दिसली. पीक बदलले, जोर बदलला, वेळ बदलली की उत्तर बदलते. चुंबकामुळे बियाच्या आत नेमके काय घडते, यावर अजून शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

तिसरी गोष्ट. प्रयोगशाळेतले रोप आणि वावरातले पीक यांत फार अंतर आहे. रोप दोन बोटे उंच झाले म्हणजे पोते भरले असे नव्हे. मध्ये पाऊस आहे, तण आहे, कीड आहे. उगवण थोडी लवकर झाली, यावरून उत्पन्न दीडपट होईल असे कोणत्याही शास्त्रज्ञाला म्हणता येणार नाही.

आम्ही करून पाहिले, आणि चुकलो

मग वर्गाने ठरवले, आपणच करून पाहू. एका मुलाने जुन्या कर्ण्याचे दोन चुंबक आणले. एकाच पोत्यातले सोयाबीनचे १०० दाणे मोजून घेतले. ५० दाणे कापडाच्या पिशवीत घालून रात्रभर चुंबकांच्या मध्ये ठेवले. ५० तसेच बाजूला ठेवले. सकाळी दोन ताटल्यांत ओले फडके अंथरले. एकीत चुंबकाचे दाणे, दुसरीत साधे दाणे मांडले. वर्गातल्या एका ताईंनी खडूने पाटीच्या तुकड्यांवर नावे लिहिली : "चुंबक" आणि "साधे". त्यांनी घराबाहेर लिहिलेले ते पहिलेच शब्द होते.

पाचव्या दिवशी मोजले. चुंबकाच्या ताटलीत ४१ दाणे उगवले होते. साध्या ताटलीत ३३.

ओसरीवर एकच गलका झाला. आम्हीही भारावून गेलो. खरे सांगतो, यंत्राचे पैसे वर्गणी करून भरावे, असे आमच्याच तोंडून निघाले. शाळेत मुलांना शास्त्र शिकवण्यात आमची उमर गेली. तरी आमचा पाय घसरला.

आम्हाला सावरले एका काकूंनी. त्या मागे बसून मुकाट्याने पाहत होत्या. त्या उठल्या. दोन्ही फडकी त्यांनी हातात घेऊन दाबली. म्हणाल्या, "गुरुजी, हे ओलं चिंब हाये, अन् हे कोरडं पडलं. जो येते तो चुंबकाचीच ताटली पाह्यते अन् तिच्यावरच पानी शिपडते. लाडाच्या लेकराले सारेच दूध पाजून रायले, अन् दुसरं उपाशी. मंग ते वाढंन कसं?"

सगळे गप्प झाले. मे महिन्याचे ऊन. साध्या ताटलीतले फडके दुपारी सुकत होते, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. फरक चुंबकाने पडला की पाण्याने, हे आता कोण सांगणार?

अलिबागच्या लोकांनी खिळासुद्धा बाहेर ठेवला होता. आम्ही मात्र आमच्या प्रयोगात सारी आर्णी घुसू दिली.

पुन्हा केले

काकूंच्या सांगण्यावरून सारे पुन्हा केले. या वेळी पाटीवर "चुंबक" असे लिहिले नाही. ताटल्यांना नुसते "क" आणि "ख" म्हटले. कोणत्या ताटलीत कोणते दाणे, हे एकट्या काकूंना ठाऊक. त्यांनी ते कोणाला सांगायचे नाही. पाणी एकाच वाटीने, दोन्हींना सारखे, सकाळ-संध्याकाळ. रोज ताटल्यांच्या जागा आपसांत बदलायच्या.

पाचव्या दिवशी "क" मध्ये ३८ उगवले आणि "ख" मध्ये ३९. काकूंनी सांगितले, चुंबकाची ताटली "क" होती.

मग त्या भाऊंना एक शंका आली. एका दाण्याचा फरक तरी का पडावा? म्हणून तिसऱ्यांदा आम्ही चुंबक वापरलाच नाही. दोन्ही ताटल्यांत साधे दाणे घातले. एकीत ४० उगवले, दुसरीत ३७. चुंबक नसतानाही तीन दाण्यांचा फरक! कारण दोन दाणे कधी अगदी सारखे नसतात. एखादा फुटका असतो, एखादा पोचट असतो. म्हणून दोन-चार दाण्यांच्या फरकावरून कोणाला शाबासकी देऊ नये आणि कोणाला दोषही देऊ नये. जास्त दाणे घ्यावेत आणि पुन्हा पुन्हा करून पाहावे.

यावरून दिल्ली-इंदूरचे शास्त्रज्ञ चुकले असे आम्ही म्हणतो काय? मुळीच नाही. आमच्या चुंबकाचा जोर किती, हे आम्ही मोजले नव्हते. दाणेही थोडेच होते. आम्हाला एवढेच म्हणता येते, की जुन्या कर्ण्याच्या चुंबकाने आमच्या ओसरीवर दाखवण्याजोगा फरक पडला नाही. जेवढे पाहिले तेवढेच बोलावे.

त्या भाऊंनी यंत्र घेतले नाही. विकणाऱ्याला त्यांनी बाजारात चार प्रश्न विचारले. चुंबकाचा जोर किती गॉस? बी किती वेळ ठेवायचे? शेजारी बिनचुंबकाचे पीक पेरून पाहिले का? कोणत्या कृषी विद्यापीठाने हे तपासले? तो म्हणाला, "एवढं कोणी विचारत नाही."

ओल्या गोणपाटाची परीक्षा

आता कामाची गोष्ट. चुंबक असो वा नसो, पेरणीआधी एक परीक्षा प्रत्येकाला करता येते. तिला पैसा लागत नाही.

घरच्या सोयाबीनचे १०० दाणे न निवडता, पोत्यातून निरनिराळ्या जागचे घ्या. गोणपाटाचा तुकडा भिजवा. त्यावर १० ओळी, प्रत्येक ओळीत १० दाणे मांडा. दाण्यांत बोटभर अंतर ठेवा. वर दुसरे ओले गोणपाट घाला. हलक्या हाताने गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. ते सुकू देऊ नका. सहा-सात दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर उत्तर जास्त भरवशाचे.

१०० पैकी ७० किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. एकरी ३० किलो पेरा. ७० पेक्षा कमी असेल तर कमी पडलेल्या दर दाण्यामागे एकरी अर्धा किलो बी वाढवा. समजा ६६ उगवले. ४ कमी पडले. चार अर्धे म्हणजे २ किलो. म्हणून एकरी ३२ किलो पेरा. ६० च्याही खाली आले तर ते बियाणे म्हणून वापरू नका.

सोयाबीनचे टरफल फार पातळ असते. पोते आपटले की आतला अंकुर दुखावतो. काढणीत पाऊस लागला तरी उगवण घटते. २०१९ साली काढणीच्या वेळी पावसाने झोडपले होते. पुढच्या २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा हजारो तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या. ज्यांनी आधी गोणपाटात पाहिले, त्यांना बियाची स्थिती पेरण्याआधीच कळली. आणि परीक्षा पास झाली तरी घाई नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल जाईपर्यंत थांबावे, असे कृषी खाते सांगते.

नवे खत, नवे औषध, नवे यंत्र आले तर त्याला एकदम नाही म्हणू नका. एक तास धुऱ्याकडे लावा. शेजारचा तास नेहमीप्रमाणे ठेवा. दोन्हींना माती, पाणी, निंदण सारखे द्या. मग दोन्हींचा माल वेगळा मोजा.

मंडळी, तो छापील कागद आमच्या भाऊंनी स्वतः वाचला, याचे आम्हाला फार कौतुक वाटले. पण वाचता येणे ही पहिली पायरी. छापलेले सारे खरे नसते आणि सारे खोटेही नसते. वाचलेले पारखून घेणे ही दुसरी पायरी. ती आम्हाला त्या काकूंनी दाखवली. त्या अजून जोडाक्षरांवर अडखळतात.

नवे शब्द

चुंबकीय क्षेत्र — चुंबकाचा जोर जिथवर पोचतो ती जागा.
गॉस — चुंबकाचा जोर मोजण्याचे माप.
विकर — बियातले पीठ फोडून साखर करणारा पदार्थ.
वेधशाळा — हवा, तारे, पृथ्वीचे चुंबकपण यांची नोंद ठेवण्याची जागा.

सांगा पाहू

१. पहिल्या वेळी चुंबकाच्या ताटलीत जास्त दाणे का उगवले?
२. दुसऱ्या वेळी ताटल्यांवर "चुंबक" असे का लिहिले नाही?
३. गोणपाटात १०० पैकी ६४ दाणे उगवले, तर एकरी किती किलो बी पेराल?
४. तुमच्या घरच्या बियाण्याची परीक्षा करा. किती उगवले ते वहीत लिहा. खाली तारीख आणि स्वतःचे नाव लिहा.